आगबोटीच्या तळाशी कोण होते?

ऐतिहासिक कादंबरी लिहू पाहणाऱ्याला स्थळ पाहावे लागते. किल्ला कोणत्या अंगाने चढता येतो, पावसाळ्यात नदीला पाणी किती येते, देवळाच्या पायऱ्यांवरून गाव कसे दिसते, हे न पाहता लिहिणारा पुस्तकातून पुस्तक काढतो. आपल्याकडच्या मान्यवर कादंबरीकारांच्या प्रस्तावना वाचल्या म्हणजे त्यांनी किती गड चढले आणि किती दप्तरे चाळली याचा हिशेब तीत बहुधा सापडतोच. विमाने सर्रास झाली नव्हती तेव्हा परदेशातले लेखक कादंबरीची स्थळे पाहण्यासाठी आगबोटीचे तिकीट काढून आठवडेच्या आठवडे समुद्रात घालवीत. त्या खटाटोपाचे मला कौतुकच आहे. परंतु स्थळ पाहणारा नेमका कुठे उभा राहून पाहतो, त्याला ते स्थळ कोण दाखवतो, आणि दाखवणाऱ्या माणसाचे पुढे कादंबरीत काय होते, हे प्रश्न आपल्या समीक्षेने फारसे विचारलेले नाहीत. मला ते विचारावेसे वाटले याला कारण माझी स्वतःची एक फसलेली कादंबरी आहे. तिच्याविषयी पुढे सांगेन. आधी सोलापूरच्या शेजारचे एक उदाहरण घेतो.

१

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने निघाले की पंचेचाळीसेक किलोमीटरवर नळदुर्ग लागतो. पावसाळ्यात बोरी नदीच्या बंधाऱ्यावरून नर-मादीचे धबधबे पडू लागले की आमच्या कॉलेजातली मुले हटकून तिकडे सहल काढतात. आदिलशाही काळातला हा बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल पाहून मुले थक्क होतात. या किल्ल्यावर एकेकाळी एक इंग्रज कादंबरीकार राहत होता हे मात्र त्यांना कोणी सांगत नाही.

फिलिप मेडोज टेलर हे त्याचे नाव. जन्म १८०८, लिव्हरपूल. वयाच्या पंधराव्या वर्षी, १८२४ मध्ये, मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे नोकरी करण्यासाठी तो शिडाच्या जहाजातून आला. तेव्हा सुएझचा कालवा नव्हता. आफ्रिकेला वळसा घालून यायला महिने लागत. व्यापाऱ्याकडचे काही जमले नाही, तेव्हा तो निजामाच्या फौजेत शिरला आणि पुढची जवळजवळ सगळी नोकरी त्याने दख्खनमध्ये केली. १८३९ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ठगाच्या कबुलीजबाबाच्या कादंबरीने त्याचे नाव झाले. १८५३ च्या तहाने निजामाने जो मुलूख इंग्रजांच्या ताब्यात दिला त्यात नळदुर्गाचा जिल्हा होता. टेलर तेथे डेप्युटी कमिशनर म्हणून आला आणि १८५७ पर्यंत राहिला. तुळजापूर, धाराशिव हा सारा भाग त्याच्या अमलाखाली होता. १८६० मध्ये तो मायदेशी परतला आणि १८६३ मध्ये त्याची ‘तारा’ ही कादंबरी आली. तुळजापूरच्या एका ब्राह्मण शास्त्र्याची मुलगी, विजापूरचा सरदारपुत्र, अफझलखान आणि शिवाजी यांची ती कथा. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून आपण गुंजीकरांच्या ‘मोचनगड’चे नाव घेतो. ती १८७१ ची. म्हणजे आपल्या या भागावरची एक मोठी ऐतिहासिक कादंबरी तिच्या आठ वर्षे आधी इंग्रजीत लिहून झाली होती.

टेलरशी अन्याय करून चालणार नाही. पंधरा दिवसांसाठी उतरून स्थळांच्या वह्या भरून नेणाऱ्यांपैकी तो नव्हता. त्याने इथे हयात घालवली, इथली भाषा शिकली. शतकांची जुळणी करण्याचा एक छंद मात्र त्याला होता. १६५७, १७५७ आणि १८५७ अशा शंभर-शंभर वर्षांच्या अंतरावर त्याने तीन कादंबऱ्या उभ्या केल्या. त्या हौसेपायी ‘तारा’चा काळ त्याने १६५७ धरला. प्रतापगडाखालचा अफझलखानाचा प्रसंग घडला १६५९ मध्ये. कादंबरीकाराला एवढी मोकळीक आपण देऊ.

माझी हरकत निराळी आहे. त्याच्या काळात साहेबाचा मुक्काम एका गावाहून दुसऱ्या गावाला कसा हलत असे? सरकारी सामान डोक्यावरून पोचवायला महार, पुढे वाट दाखवायला महार, रात्री तंबूवर पहारा द्यायला महार-रामोशी. दोन गावांत शिवेचा तंटा लागला तर शिवेवरून चालत जाऊन साक्ष द्यायची ती महाराने. ही त्याची वतनी कामे होती. १८८४ च्या सोलापूर गॅझेटिअरातही महारांच्या कामांची नोंद आहे. जमिनीची मोजणी असो की रस्त्याची आखणी, या मुलखाचे ज्ञान त्या माणसाच्या तळपायात होते. साहेबाने पाहिलेले प्रत्येक स्थळ त्याला आधी आपल्या एखाद्या पूर्वजाने दाखवलेले होते. परंतु कथा लिहायला बसल्यावर तिचा भार कोणाच्या खांद्यावर पडला? शास्त्री, सरदार, राजा, खान. देवीच्या सेवेला वाहिलेली गंगा नावाची एक मुरळी या कादंबरीत आहे, पण तीही ब्राह्मण नायिकेला खाली खेचू पाहणारी बाई म्हणून. मुरळी आणि जोगतिणी कोणत्या घरांतून येतात, हे त्या देवळाच्या पायथ्याशी चार वर्षे कारभार केलेल्या माणसाला कळले नसेल असे मला वाटत नाही. त्याला ते कथेचे बीज वाटले नाही, एवढेच.

हा दोष एकट्या टेलरचा असता तर इंग्रज म्हणून आपण त्याला निकालात काढले असते. नंतरच्या मराठी ऐतिहासिक कादंबरीनेही बव्हंशी तीच जागा धरली. घोडा बदलला, त्यावरचा स्वार बदलला. वाट दाखवणारा होता तिथेच धुळीत राहिला. याला छेद देणारी कादंबरी आली ती अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’, १९५९ मध्ये. अण्णा भाऊंना वारणेचे खोरे पाहायला कुठून यावे लागले नाही. ते तिथेच जन्मले होते. वाटेगाव ते मुंबई हे अंतर लहानपणी बापाबरोबर त्यांनी पायी तोडले होते. एका लेखकाने जहाजातून येऊन मुलूख पाहिला आणि दुसऱ्याने तो अनवाणी तुडवला. या दोन पाहण्यांत जो फरक आहे तो आपल्या साहित्यशास्त्राचा पहिला धडा व्हायला हवा.

२

आता समुद्राकडे वळू. आपल्या इतिहासात समुद्र कुठे आहे, असे विद्यार्थी विचारतात. गावकुसाबाहेरची माणसे समुद्रावर कशी पोचणार, अशी त्यांची समजूत असते. ती चुकीची आहे.

समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, ही भीती वरच्या जातींची होती. विलायतेहून आलेल्या पदवीधरांना प्रायश्चित्त घ्यायला लावणारे पुणे-मुंबईचे वाद आपण पाठ्यपुस्तकांत वाचतो. आपल्याला तो वाद कधी लागूच नव्हता. ज्याला देवळाच्या पायरीवरही चढू देत नसत त्याचा धर्म खाऱ्या पाण्याने आणखी काय बुडणार? मुंबई इलाख्याच्या फौजेत महार शिपाई होते आणि ती फौज समुद्रापार जात असे. १८३९ पासून एडनला ठाणे होते. १८५६-५७ मध्ये इराणची मोहीम झाली आणि १८६७-६८ मध्ये हबसाणची. या फौजा मुंबई बंदरातूनच निघाल्या. मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर करार करून गेलेल्या मजुरांतही मराठी बोलणारी माणसे होती आणि त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात. म्हणजे पंडिता रमाबाई आणि आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये परदेशी गेल्या त्याच्या कितीतरी आधी महाराष्ट्रातली गरीब, शूद्र-अतिशूद्र माणसे समुद्र पार करून आली होती. या माणसांनी प्रवासवर्णने लिहिली नाहीत, कारण त्यांना लिहिता येत नव्हते. आणि ज्यांना लिहिता येत होते त्यांनी त्यांच्याकडे पाहिले नाही.

सोलापुरात बोटीची गोष्ट निघाली की लोक डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे नाव घेतात. ते रास्तच आहे. १९३८ च्या १ सप्टेंबरला ‘राजपुताना’ बोटीने ते चीनला निघाले आणि १९४२ मध्ये तिकडेच सेवा करता करता गेले. त्यांच्या घराचे आज स्मारक झाले आहे. मी मुलांना घेऊन तिथेही जातो. मला कोटणीसांचे मोठेपण कमी करायचे नाही. परंतु एका शहराच्या आठवणीत एकच बोट असावी आणि त्या बोटीवर एकच प्रवासी असावा, हे इतिहासाच्या शिक्षकाला खटकले पाहिजे.

३

आता माझ्या कादंबरीविषयी. पीएच.डी.चे काम संपल्यावर माझ्या मनाने एक ध्यास घेतला. बाबासाहेबांच्या सागरप्रवासांवर ऐतिहासिक कादंबरी लिहायची. तोवर माझ्या वाचनात बाबासाहेबांचे चरित्र, त्यांची भाषणे, त्यांचे ग्रंथ होते, पण त्या बोटींवरचे दिवस कोणी उभे केलेले मला दिसले नव्हते. आणि विषय तर केवढा! १९१३ च्या जुलैत एक बावीस वर्षांचा महार तरुण न्यूयॉर्कच्या बंदरात उतरतो. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपते म्हणून लंडनचा अभ्यास अर्धा टाकून तो परत फिरतो. महायुद्ध चालू आहे, समुद्रात जर्मन पाणबुड्या आहेत. तो मार्सेलहून ‘कैसर-इ-हिंद’ बोटीवर चढतो. त्याचे सामान दुसऱ्या बोटीने येत असते आणि ती बोट पाणबुडीच्या माऱ्याने बुडते. पोटाला चिमटा घेऊन घेतलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी जातात. २१ ऑगस्टला तो मुंबईला पोचतो. बुडालेल्या सामानाच्या भरपाईचे ६०० रुपये मिळतात, त्यातूनच बडोद्याला जाण्याची सोय होते. आणि बडोद्यात काय? कचेरीतले शिपाई त्याच्या टेबलावर फाइली लांबून फेकतात, राहायला खोली मिळत नाही. समुद्राने पुस्तके गिळली, जमिनीने माणूस गिळायला घेतला. कादंबरीकाराला याहून जास्त काय हवे?

त्यापुढचा टप्पा १९३० चा. ४ ऑक्टोबरला बाबासाहेब पहिल्या गोलमेज परिषदेसाठी ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ बोटीने निघाले. पी. अँड ओ. कंपनीची ही बोट १९२९ मध्ये सेवेत आली होती. साडेएकोणीस हजार टनांवरची, पहिल्या वर्गात चारशेच्या वर प्रवासी नेणारी आणि पोहण्याचा तलाव असलेली. हे वाचले तेव्हा मी टेबलावरून उठलो. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी घेतले म्हणून आपली डोकी फुटली. आणि तीनच वर्षांनी त्या सत्याग्रहाचा नेता ज्या बोटीतून जात होता तिच्या पोटातच तळे होते!

मी कामाला लागलो. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला सुट्टी आणि प्रवासखर्च यांचा हिशेब सांगत नाही, जाणत्यांना तो ठाऊक आहे. सोलापूर-मुंबई रात्रीच्या गाडीने जायचे, दिवसभर ग्रंथालयात बसायचे, पुन्हा रात्रीच्या गाडीने यायचे. बोटींची जुनी छायाचित्रे, जाहिराती, प्रवासाच्या आठवणी वाचल्या. बॅलार्ड पिअरच्या कुंपणाबाहेर उभा राहून इथूनच मेल बोटी सुटत असतील, असे मनात धरून समुद्राकडे बघत राहिलो. आगबोटीने जाऊन स्थळ पाहण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ते स्थळच उरलेले नाही. ‘राजपुताना’ १९४१ मध्ये बुडाली, ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ १९४२ मध्ये. पुढे विमानांनी विलायतेच्या प्रवासी बोटींचा धंदाच संपवला. जे आहे ते कागदावर. तरीही ऐंशीएक पाने लिहून झाली. डेकवरच्या खुर्च्या, जेवणाची घंटा, कठड्याला रेलून दूरवर पाहणारे बाबासाहेब.

ती पाने मी एका रविवारी आईला वाचून दाखवली. आई शाळेत गेलेली नाही. तिने अठ्ठावीस वर्षे एका दवाखान्यात झाडूकाम केले आणि त्या पगारावर मी शिकलो. तिने सगळे शांतपणे ऐकले. बाबांचे नाव आले की हात जोडले. शेवटी म्हणाली, “लई झ्याक लिवलंस. पर येवढी मानसं येवढं दिस बोटीवर व्हती, तर संडास कोन साफ करीत व्हतं रं?”

मला उत्तर देता आले नाही. बोटीची लांबी-रुंदी मला पाठ होती, पहिल्या वर्गात किती प्रवासी मावत हे पाठ होते. आईच्या एका प्रश्नाने माझी ऐंशी पाने रद्दीत गेली.

मग पुन्हा शोध घेतला, यावेळी खालून वर. त्या कंपनीच्या बोटींवर पांढऱ्या अधिकाऱ्यांखाली शेकडो हिंदी नोकर असत. डेकवर सारंग, त्याच्या हाताखाली टंडेल, त्याखाली खलाशी. यांत कोकणातले मुसलमान पुष्कळ. खाली भट्टीवर आगवाले आणि कोळसेवाले, बहुधा पंजाब-सरहद्दीकडचे. प्रवाशांच्या जेवणाखाणाला गोव्याचे ख्रिश्चन. पगार गोऱ्या खलाशाच्या मानाने कितीतरी कमी आणि झोपायची जागाही तशीच कोंदट. या सगळ्या उतरंडीच्या तळाशी एक हुद्दा होता: टोपास. हा शब्द मुळात पोर्तुगीजांच्या काळातल्या मिश्रवंशी शिपायांसाठी वापरला जाई. बोटीवर त्याचा अर्थ झाला संडास-न्हाणीघरे साफ करणारा भंगी. हे काम ज्या जातींनी जमिनीवर करायचे त्याच जातींतली माणसे त्यासाठी बोटीवर घेत. म्हणजे जातिव्यवस्था मुंबईच्या धक्क्यावर उतरून मागे राहत नसे. ती तिकीट न काढता सोबत येई.

या एका शब्दाने माझ्या डोळ्यांसमोरची बोट पार बदलली. वरच्या मजल्यावर अस्पृश्यांचा प्रतिनिधी जगाच्या दरबारात आपल्या माणसांचे हक्क मागायला निघाला आहे. खाली त्याच समाजाच्या एखाद्या जातीतला माणूस हातात बादली घेऊन उभा आहे. वरचा माणूस ज्याच्यासाठी जात आहे तो खाली आहे. कदाचित एखाद्या पहाटे दोघे बोळकांडात समोरासमोर आले असतील. आले नसतीलही. इतिहास याविषयी गप्प आहे आणि मी त्याच्या तोंडी खोटे शब्द घालणार नाही. पण कादंबरीची जागा तीच आहे. मी मात्र डेकवरची खुर्ची धरून बसलो होतो. बाबासाहेबांचा भक्त म्हणून लिहीत होतो आणि पाहत होतो टेलरच्या घोड्यावरून.

हे कबूल करणे सोपे नव्हते. आपल्यातले शिकलेले आता पुष्कळ वर आले आहेत. प्राध्यापक, अधिकारी, डॉक्टर. आपल्या साहित्यातही डेकवरच्या माणसाचे कौतुक वाढत चालले आहे. ते कौतुक आपण कमावलेले आहे, त्याची लाज बाळगायचे कारण नाही. परंतु गटारात उतरून गुदमरून मरणाऱ्या माणसांच्या बातम्या आजही येतात. २०१३ मध्ये कायद्याने बंदी होऊनही येतात. त्या कोणत्या जातींच्या आहेत हे सांगायची गरज नाही. त्यांच्यात आणि आपल्यात जर पोटजातीची भिंत असेल, तर ती भिंत आपल्या कादंबरीतही येणार, आपण कितीही क्रांतीची भाषा बोललो तरी.

४

आईच्या प्रश्नाने आणखी एक झाकलेली गोष्ट उघडी केली. ती माझ्या घरातली आहे.

माझी आजी, आईची आई, सांगायची, “माजा आजा आगबोटीत बसून बसऱ्याला गेला. मानमोडीच्या दोन साल आदी. त्यो काय माघारी आला न्हाई.” आमच्या घरात ही अभिमानाची गोष्ट होती. आजीचा आजा पलटणीत शिपाई होता, लढाईत पडला, असे आम्ही शाळेत मुलांना सांगायचो. त्याच्या बायकोला कसला कागद आला नाही, कोणी निरोपही आणला नाही. म्हणून तिने कुंकू पुसले नाही. म्हातारी होऊन मेली तेव्हाही कपाळावर कुंकू होते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने या आठवणीचे काय करायचे? मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. म्हणजे माणूस गेला १९१६ मध्ये. बसरा म्हणजे मेसोपोटेमियाची आघाडी. इथवर आजीची आठवण दप्तराइतकी पक्की आहे. पण पुढे अडचण येते. महारांची फौजेतली भरती १८९२-९३ च्या सुमारास इंग्रजांनी बंद केली होती. गोपाळबाबा वलंगकरांनी ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्ज लिहिले, पण दार उघडले नाही. १११ वी महार पलटण उभी राहिली ती १९१७ मध्ये, आणि १९२१ मध्ये तीही मोडली. मग १९१६ मध्ये सोलापूर जिल्ह्यातला महार बसऱ्याला कोण म्हणून गेला असेल? शिपाई म्हणून जाणे जवळजवळ अशक्य. हमाल, खेचरवाला किंवा झाडूवाला म्हणून गेला असणार.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात चौदा लाखांच्या वर माणसे भरती झाली. त्यांपैकी साडेपाच लाखांहून अधिक बिनलढाऊ होती. ओझी वाहणारे, पाणी भरणारे, जनावरे हाकणारे, घाण काढणारे. या युद्धावर मुल्कराज आनंदांची समुद्र ओलांडून गेलेल्या शिपायांची कादंबरी आहे, १९४० ची. तिचा नायक पंजाबातला शेतकऱ्याचा मुलगा आहे, हाती बंदूक असलेला. साडेपाच लाख बिनबंदुकीच्या माणसांची कादंबरी आपल्या भाषेत मला तरी सापडलेली नाही.

बसऱ्याला त्या आघाडीवर मेलेल्यांचे, ज्यांना कबर नाही अशांचे, मोठे स्मारक आहे. चाळीस हजारांवर माणसांसाठी ते उभारले गेले. गोऱ्या शिपायाचे नाव तिथे कोरलेले आहे. हिंदी हुद्देदाराचेही नाव आहे. सामान्य हिंदी शिपायांचा मात्र पलटणीगणिक नुसता आकडा कोरला गेला. अमुक सुभेदार आणि इतर इतके हिंदी शिपाई, एवढेच. शिपायांची ही गत, मग हमालाची काय असेल? २०२१ मध्ये त्या स्मारकांचे काम पाहणाऱ्या आयोगाने आपल्या पूर्वसूरींनी हा भेद केल्याचे अहवालात मान्य केले आणि इंग्लंडच्या पार्लमेंटात माफीही मागितली गेली. शंभर वर्षांनी. ते स्मारकही जागेवर नाही. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमाने ते नदीकाठच्या धक्क्यावरून उचलून वाळवंटात नेले. माझ्या कादंबरीचे स्थळ पाहायला मी कुठे जाऊ?

याच्याशी कोरेगावचा स्तंभ ताडून पाहा. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे त्या दगडावर आहेत आणि त्यांतली बावीस नावे ‘नाक’ या शेवटाची, म्हणजे महारांची आहेत. त्या नावांपुढे बाबासाहेब १९२७ मध्ये उभे राहिले. दगडावर नाव असले की माणसे त्याच्यापुढे जमतात. आकड्यापुढे कोणी जमत नाही.

हे मी घरी सांगितले तेव्हा मामा रागावले. “शिकून तू आमच्या शिपायाचा हमाल केलास,” म्हणाले. त्यांचा राग मला समजतो. आपल्या समाजाला लष्करी परंपरा ही फार दिवसांनी मिळालेली ताठ मान आहे. परंतु मला वाटते की ज्या माणसाच्या पाठीवरून तोफेचे गोळे आघाडीवर गेले तो शिपायाहून हलका ठरवण्याचे काम इंग्रजांनी केले, ते आपण पुढे चालवू नये. तो हमाल होता असे निघाले तरी तो माझाच आहे. किंबहुना अधिकच माझा आहे, कारण त्याच्यावर दावा सांगायला दुसरे कोणी नाही.

५

तर मग ऐतिहासिक कादंबरी लिहू पाहणाऱ्या आपल्या मुलांनी काय करावे? मला सुचलेल्या दोन-चार गोष्टी सांगतो.

पहिली: गड चढण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी बसा. त्यांना सन ठाऊक नसतो, पण मानमोडी, बहात्तरचा दुष्काळ, बाबासाहेब गेले ते साल, या त्यांच्या खुणा असतात. त्यांवरून सन काढणे हे आपले काम. आजीच्या एका वाक्यात आघाडी, साल आणि वाहन एवढे सारे होते. मी ते वीस वर्षे ऐकले आणि दहा वर्षे इतिहास शिकूनही उलगडले नाही. उलगडले तेव्हा ती नव्हती.

दुसरी: दप्तर वाचा, पण ते कोणी कोणाकडून लिहून घेतले हे विचारत वाचा. गॅझेटिअरात महाराची कामे सापडतील, महाराचे नाव सापडणार नाही. टेलरची कादंबरीही वाचा. नळदुर्ग आणि तुळजापूर त्यात आहेत. ते आपलेही मुलूख आहेत. तो कुठे उभा आहे हे ओळखून वाचले म्हणजे झाले.

तिसरी: हे काम एकट्याचे नाही. पंजाबातल्या सुमारे तीन लाख वीस हजार शिपायांच्या गाववार नोंदी लाहोरच्या संग्रहालयात पडून होत्या. २०२१ पासून त्या संगणकावर शोधता येऊ लागल्या आणि लोकांना आपले पणजोबा सापडले. आपल्याकडे निदान एका तालुक्यातल्या वस्त्या वाटून घेऊन, ‘तुमच्या घरातले कोणी आगबोटीने गेले होते का?’ एवढा एकच प्रश्न विचारत फिरायला काय हरकत आहे? आमच्या कॉलेजातल्या सात मुलांनी गेल्या उन्हाळ्यात ते सुरू केले आहे. एका वहीत आतापर्यंत अकरा माणसे आली आहेत. चौघांची नुसती टोपणनावे आहेत. एकाचे गावही नाही, फक्त ‘एडनला होता’ एवढेच आहे.

आणि शेवटची, जी मी आईकडून शिकलो. कोणतेही स्थळ पाहायला गेलात, मग तो किल्ला असो, देऊळ असो, विद्यापीठ असो की बाबासाहेबांची बोट, तिथली घाण कोण काढत होते हे विचारल्याशिवाय परत येऊ नका.

मी कादंबरी पुन्हा लिहायला घेतली आहे. या वेळी ती पहाटे चार वाजता सुरू होते, वरचे प्रवासी झोपेत असताना. पहिले प्रकरण झाले की आईला वाचून दाखवायचे ठरवले आहे. ती काय विचारील याची धास्ती वाटते, आणि ती वाटावी हेच बरे.